ताणावर सोडलेलं झाड

कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरून एक झाड कुंडीतून सोडवत बसलो होतो. आई तुळशीवृंदावनाला गेरू लावत होती, लग्न तोंडावर आलेलं. हात थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमचा देव काल उठला, अन् तुझं झाड आज निजायला निघालं व्हय?"

आईच्या घरात झोपेचं पंचांग पक्कं आहे. आषाढीला देव झोपतो, कार्तिकीला उठतो. मधल्या चार महिन्यांत कांदा, लसूण, वांगं बंद. तिचा सगळा पावसाळा देवाच्या शेजघराबाहेर पाय न वाजवता चालल्यासारखा जातो. देव उठला की लग्नं सुरू, ऊसतोड सुरू, कारखान्याचा भोंगा सुरू. जे ते जागं होतं. अशा दिवसांत कुणी झोपायला निघालं तर ते आजारी तरी असणार किंवा आळशी, असं तिचं साधं गणित. माझं झाड या दोन्हीत बसत नव्हतं.

झाड म्हणजे व्हीनस फ्लायट्रॅप. तळहाताएवढं. पानांच्या टोकाला शिंपल्यासारखी दोन पाखं, कडेला पापण्यांसारखे काटे, आतून लालसर. पाखांच्या आत प्रत्येकी तीन बारीक केस. माशी एका केसाला लागली तर काही होत नाही. वीसेक सेकंदांच्या आत दुसऱ्यांदा कुठला केस हलला, की सेकंदाच्या दहाव्या हिश्शात पाखं मिटतात. पावसाचा थेंब पडून फसगत होऊ नये म्हणून ही दोनदाची खातरजमा. २०१६ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की मिटल्यावरही झाड मोजत राहतं. आत सापडलेला जीव धडपडत केसांना आणखी धक्के देतो आणि त्या धक्क्यांच्या हिशेबानं पाचकरस सुटतो. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेला माणूस. ब्रिक्स मोजायचं, पोल मोजायचं, उतारा काढायचा. मोजणारं झाड म्हटल्यावर माझा जीव त्याच्यावर जडला नसता तरच नवल.

आमचं घर माळकरी. आई नेवाशाला पैसाच्या खांबाशी जाऊन डोकं टेकवून येते. त्या घरात हे मांसाहारी झाड. तिनं त्याला नाव ठेवलं, "माशीखाई". आमच्या सोनईहून पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर, जिथल्या घरांना पूर्वापार दारं नाहीत. लोक देशभरातून ते नवल बघायला येतात आणि आमच्या रस्त्यावरून जातात. त्यातल्या कुणाला थांबवून म्हणावं वाटतं, दारं नसलेलं गाव बघितलंत, आता नुसती दारंच दारं असलेलं झाड बघा. अर्थात शनिदर्शनाला निघालेल्या माणसाला असलं काही सांगू नये.

हे झाड दुसरं. पहिलं मी मारलं.

ते लेकीनं पुण्याहून आणलं होतं. जूनमध्ये आलं, पावसाळाभर मस्त राहिलं. ओट्यावर ठेवलेलं, माश्या आपल्या गावात काही कमी नाहीत, गुऱ्हाळ आणि गोठा दोन्ही जवळ. दिवाळीनंतर त्याची नवी पानं बुटकी यायला लागली, जमिनीला चिकटून. मोठे सापळे एकामागून एक काळे पडले. माशी टाकली तरी मिटेनात. मला वाटलं पाणी कमी पडतंय. बोअरचं पाणी दिलं. मग वाटलं अन्न कमी पडतंय. उसाच्या पट्ट्यातला माणूस, आजारी झाड दिसलं की हात आपोआप खताच्या पोत्याकडे जातो. चिमूटभर एकोणीस-एकोणीस-एकोणीस पाण्यात विरघळवून दिलं. डिसेंबरात थंडी वाढली. नगरचा पारा तेव्हा राज्यात सगळ्यात खाली म्हणून पेपरात येतो, तसले दिवस. मग मी त्याच्यावर शंभरचा बल्ब टांगला. शेवंतीवाले शेतकरी रात्री फडात दिवे लावून झाडाला दिवस मोठा असल्याचं भासवतात, तसं मी त्या झाडाला रात्रभर जागं ठेवलं. फेब्रुवारीच्या शेवटी ते बुडातून हातात आलं. चिखलासारखं.

ते झाड झोपायला चाललं होतं, आणि मी त्याला हलवून हलवून विचारत होतो, काय होतंय, काय होतंय.

नंतर वाचत गेलो तसं एकेक कळत गेलं. या झाडाचं माहेर सबंध पृथ्वीवर एकच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तर कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहराभोवतीचा शंभर-सव्वाशे किलोमीटरचा टापू, त्याची थोडी शेपूट दक्षिण कॅरोलायनात. वाळूची, आंबट, दलदलीची, देवदारासारख्या उंच झाडांमधली मोकळी जमीन. १७५९-६० च्या सुमारास तिथला गव्हर्नर आर्थर डॉब्ज यानं लंडनच्या एका वनस्पतिप्रेमी मित्राला या झाडाबद्दल पत्रं लिहिली. १७६८ मध्ये जॉन एलिसनं त्याला शास्त्रीय नाव दिलं आणि लिनियसला कळवलं. आज त्याच टापूतून हे झाड चोरून उपटलं तर उत्तर कॅरोलायनाच्या कायद्यानं २०१४ पासून तो गंभीर गुन्हा आहे. जगभरच्या खिडक्यांत लाखांनी वाढणारी ही झाडं काचेच्या बाटल्यांत तयार होतात. माहेरी मात्र ती कमी होत गेलीत.

त्या माहेरी हिवाळा खरा असतो. जानेवारीत रात्री पारा गोठणबिंदूच्या आसपास उतरतो. डिसेंबरातला दिवस दहा तासांचाही भरत नाही. दिवस आखडला आणि गारठा पडला, की झाड वरचा पसारा आवरतं आणि जमिनीखालच्या पांढऱ्या गड्ड्यात शिरतं. तीन-चार महिने. ही झोप चुकवली तर एखाद-दोन वर्षं ते कसंबसं काढतं, पण दरवर्षी अधिक थकत जातं. सोनईत त्याची खरी अडचण होते. आमच्याकडे डिसेंबरातही दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. पहाटे दहा अंश, दुपारी अठ्ठावीस-तीस. पहाटे त्याला वाटतं आता झोपावं, दुपारी ऊन म्हणतं ऊठ. आमच्या हवेत ते नुसतं पेंगतं. रात्रपाळीच्या माणसासारखं. रात्रपाळी मी एकतीस हंगाम केली आहे, त्यामुळे पेंगणं आणि झोप यातला फरक मला कुणी सांगायला नको.

दुसरं झाड आणलं तेव्हा थोरले चुलते, आण्णा, घरी आले होते. त्यांची डाळिंबाची बाग. मी त्यांना सांगत होतो की बघा, या झाडाला हिवाळ्यात मुद्दाम झोपवावं लागतं, नाहीतर मरतं, किती विचित्र. आण्णांनी पान लावता लावता ऐकलं आणि म्हणाले, "त्यात काय विचित्र? ताणावर टाकायचं. बागेला नाय टाकत आपण?"

मी गप्पच झालो. आयुष्यभर ज्या बागेच्या बांधावरून गेलो, तिथली गोष्ट मला परदेशी पुस्तकातून शिकावी लागली होती.

ज्यांनी डाळिंब केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे डाळिंबाला बारा महिने फूल येऊ शकतं, कारण त्याला झोपवणारा कडक हिवाळाच नाही. पण बारा महिने थोडं थोडं फळ देणारं झाड धड कुठलंच फळ देत नाही. म्हणून शेतकरी ठरवतो, कुठला बहार धरायचा. आंबे बहार, मृग बहार की हस्त बहार. आणि बहार धरण्याआधी झाडाचं पाणी तोडतो. जमिनीच्या मगदुराप्रमाणे महिना-दीड महिना. त्याला म्हणतात ताण देणं. पानं पिवळी पडतात, मलूल होतात, मग उरलेली पानं इथ्रेल फवारून गाळतात. बाग खराट्यासारखी उभी राहते. रस्त्यानं जाणाऱ्या शहरी माणसाला वाटतं, अरेरे, दुष्काळानं बाग गेली. मग छाटणी, खत, आणि पहिलं पाणी. त्यानंतर जी फूट येते ती बघण्यासारखी. आण्णा म्हणायचे, बाग करण्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे ताणाच्या दिवसांत बागेकडे न जाणं. हात शिवशिवतात. ड्रीपचा व्हॉल्व मुठीएवढा, फिरवला की संपलं. नवखा शेतकरी पंधराव्या दिवशी कच खातो, थोडंसं पाणी सोडतो, आणि मग ना ताण बसत ना बहार फुटत.

"तू त्याला बल्ब लावला होता," आण्णा म्हणाले. हे त्यांना आईनं सांगितलेलं असणार. "तुझी बाग असती तर तू बसला असता बोंबलत."

आपल्याकडे ताण हा शब्द आता बहुतेक डॉक्टर आणि नोकरदार वापरतात. ताण वाईट, ताण घालवा, ताणानं रक्तदाब वाढतो. शेतात त्याच शब्दाला विश्रांती म्हणतात. मला तर दोन्ही अर्थ एकाच गड्ड्यातून फुटलेले दिसतात.

तर त्या द्वादशीला मी झाड सोडवलं. काळी पानं कात्रीनं काढली. मुळांची जुनी माती धुतली. माती म्हणायची एवढंच, तो पीट असतो, दलदलीत कुजलेलं शेवाळं, त्यात खत म्हणून काही नाही. त्या मातीत नत्र जवळपास नसतं म्हणून तर हे झाड माश्या धरतं. मुळांना खत मिळालं की ती जळतात. काळ्या मातीत, युरियाच्या राज्यात, हे झाड म्हणजे जहागिरदाराच्या पंगतीत बसलेला उपासकरी. धुवायला पाणी बॅटरीचं. हो, ट्रॅक्टरच्या गॅरेजमधून पाच लिटरचा कॅन आणतो, तेच. आमच्या बोअरच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवला तर आकडा हजाराच्या पुढे पळतो. या झाडाला पन्नासच्या आत लागतं. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी पिंपात धरतो, ते मार्चपर्यंत पुरवून वापरतो, संपलं की बॅटरीचं. गॅरेजवाला एकदा म्हणाला, "काका, ट्रॅक्टर तर विकला ना तुम्ही?"

गड्डा हातात घेतला की कळतं झाड काय चीज आहे. बोटाच्या पेराएवढा, पांढराशुभ्र, पातळ पापुद्र्यांचा. लहान कांद्यासारखाच, पातीचा कांदा उपटून धुतल्यावर दिसतो तसा. तो ओलसर शेवाळ्यात गुंडाळायचा, पिळून पाणी येणार नाही इतपत ओलं. मग झिपच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डबा फ्रिजच्या खालच्या खणात. चार-पाच अंश. गोठवायचं नाही, बर्फाच्या खणात ठेवलं तर पेशी फुटतात. पंधरा दिवसांनी काढून बघायचं, बुरशी धरली का, मऊ पडलं का. बाकी काही करायचं नाही.

आईचा विरोध दोन मुद्द्यांवर होता. एक, मांस खाणारी वस्तू नैवेद्याच्या दुधाशेजारी. दुसरा, मेथीची जुडी कुठे ठेवायची. पहिल्यावर मी म्हणालो, झोपेत ते काहीच खात नाही, या चार महिन्यांत ते तुझ्यापेक्षा कडक उपास करतं. तिनं विचार केला. "म्हणजे त्याचा चातुर्मास हिवाळ्यात येतो," ती म्हणाली, आणि डब्याला जागा मिळाली. मेथी दारातल्या खणात गेली.

त्याच दिवसांत कारखाना पूर्ण जागा असतो. दसऱ्याच्या आसपास बॉयलर पेटलेला, आता गाळप भरात. रात्री तीनला गव्हाणीवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, मळीचा आंबूस वास, चिमणीच्या धुरातून गावावर बारीक काजळी पडते, वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर ठिपके. बीड-पाथर्डीकडची तोडणीची माणसं कोपींत उतरलेली. त्यांचा दिवस पहाटे कोयता घेऊन निघतो आणि गाडी खाली होईपर्यंत संपत नाही. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी हंगामात मला रात्री तीनला जाग येते. उठतो, पाणी पितो. पहिल्या वर्षी त्या वेळी फ्रिज उघडून डबा बघायची सवय लागली होती. पिशवी काढायची, दिव्याखाली धरायची, पांढरं आहे ना, परत ठेवायची. म्हणजे बल्ब गेला आणि फ्रिजचा दिवा आला. हे आण्णांना सांगितलं नाही.

झोपलेलं आणि मेलेलं, हे ओळखायचं कसं? खरा प्रश्न तोच. वरून दोन्ही सारखंच दिसतं. काळी पानं, हालचाल नाही, वाढ नाही. शेतकऱ्याकडे यासाठी उपकरण म्हणजे अंगठ्याचं नख. डाळिंबाची फांदी खरवडायची, आत हिरवं दिसलं तर जिवंत. चाळीतला कांदा हातात घेऊन दाबायचा, घट्ट तर झोपलेला, मऊ तर गेला. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला की दिवाळीपर्यंत झोपवून ठेवायचा, आणि घोडेगावच्या बाजारात भाव बरा असेल त्या दिवशी काढायचा, यावर आमच्या तालुक्यातली कितीतरी घरं चालतात. कांद्याला पाच महिने झोपवणाऱ्या गावात मी एका गड्ड्यासाठी घाबरत होतो. कांद्याचं दुखणं दोन प्रकारचं. सडणं आणि कोंब फुटणं. सडला तर मेला, पण कोंब आला तरी बाजारासाठी तो मेल्यातच जमा. वेळेआधी जागा झालेला कांदा कुणी घेत नाही.

याच जिल्ह्यात, आमच्या सोनईपासून वर मुळा नदी धरून गेलं की, मांसाहारी झाडांचं आपलं स्वतःचं माहेर आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. शाळेत असताना पुस्तकात घटपर्णीचं चित्र होतं, ती मेघालयातली. त्यामुळे माशी खाणारं झाड म्हणजे लांबचं, परराज्यातलं, असं डोक्यात बसलेलं. लेकीनं एका सप्टेंबरात मला अकोले तालुक्यात पाचनईला नेलं, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला. सोनई पर्जन्यछायेत. तिकडे घाटघरला इतका पाऊस की त्याला नगरचं चेरापुंजी म्हणतात. जिल्हा एक. नाव पूर्वी अहमदनगर, आता अहिल्यानगर, पण पावसाच्या हिशेबानं हे कायम दोन जिल्हेच होते.

गडाच्या वाटेवर कातळाच्या सपाटीवर बोटभर माती, त्यावरून पाणी पाझरतंय, आणि त्या ओल्यावर जांभळ्या फुलांचा सडा. सीतेची आसवे. रावण सीतेला नेत असताना तिचे अश्रू पडले तिथे ही फुलं उगवली, अशी गोष्ट सांगतात. शास्त्रातलं नाव युट्रिक्युलारिया, कास पठार ज्या फुलांनी जांभळं होतं त्यांच्यातली. मी कासला दोनदा जाऊन ही फुलं बघितली होती, फोटोही काढले होते, पण ती शिकारी आहेत हे ठाऊक नव्हतं. शिकार चालते खाली, चिखलात. मुळांच्या जागी असलेल्या धाग्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे. फुगा आतलं पाणी उपसून टाकतो आणि ताणून बसतो. सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की दार आत उघडतं, पाणी जीवासकट आत ओढलं जातं, दार बंद. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातला एकही पुरता लागत नाही. माझ्या फ्लायट्रॅपला त्या मानानं बैलगाडी म्हणावं लागेल. आणि हे सगळं सीतेच्या आसवांखाली.

थोडं पुढे लेक गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "बाबा, हे." गवतात दोन-तीन इंचांची लालसर काडी, तिच्या पानांवर केस, प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब. गवती दवबिंदू. दुपारचे बारा वाजले होते, दव केव्हाच उडून गेलेलं, आणि हे थेंब तसेच चमकत होते. एका पानावर डास अडकलेला, पान त्याच्यावर सावकाश वळत चाललेलं. मला ते कुंडीत घालून न्यावं वाटलं. तिनं हात धरला. हे अभयारण्य आहे, एक. आणि दुसरं, "ते तिथे जगायचं नाही. तुम्ही त्याला बल्ब लावाल."

त्या बल्बची गोष्ट घरोघर गेलेली आहे.

डार्विननं १८६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ससेक्सच्या माळावर याच दवबिंदूचा भाऊबंद पाहिला आणि पुढची पंधरा वर्षं त्याचा पिच्छा सोडला नाही. १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक आलं. तीन वर्षांनी त्याच्या मुलानं, फ्रान्सिसनं, साधा पण पक्का प्रयोग केला. काही दवबिंदूंना भाजलेल्या मांसाचे कण दिले, काहींना उपाशी ठेवलं. उपाशी झाडं जगली, पण खाल्लेल्यांना बी कितीतरी जास्त आलं. इंग्लंडमधला तो भाऊबंद हिवाळ्यात घट्ट कळीएवढा होऊन बर्फाखाली पडून राहतो. हिमालयात आणि निलगिरीत त्याचाच आणखी एक भाऊ आहे, तो जमिनीखाली कंद करतो आणि वाईट दिवस त्यात काढतो. आपला सह्याद्रीतला गवती दवबिंदू ना कळी करतो ना कंद. तो पावसाळ्यात उगवतो, पकडतो, खातो, फुलतो, आणि पाणी आटायला लागलं की मरतो. बी मागे ठेवतो, धुळीसारखं बारीक. घराणं एक, निजायच्या तऱ्हा तीन.

मला ती धूळ बघायची होती. पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा गेलो. लेक म्हणाली होती काही दिसणार नाही. खरंच काही दिसलं नाही. त्याच सपाटीवर कातळ इतका तापलेला की चपलेतून चटका जाणवत होता. गवत पिवळं, मोडलेलं. जिथे जांभळा सडा होता तिथे करड्या मातीचा पापुद्रा, भेगा पडलेला. एक गुराखी पोरगा आमच्याकडे बघत होता, हे म्हातारं उन्हात खाली वाकून काय शोधतंय म्हणून. मी बोट ओलं करून त्या मातीवर टेकवलं. बोटावर जे आलं त्यात बिया किती आणि माती किती, हे भिंग असतं तरी मी सांगू शकलो नसतो. फुंकर मारून ते जिथलं तिथे टाकलं.

विल्मिंग्टनचं झाड थंडीला झोपतं, आमचं उन्हाला. मी फ्लायट्रॅपला फ्रिजमध्ये ठेवतो तेव्हा खरं म्हणजे परक्या देशाची रात्र विकत घेतो, युनिटच्या भावानं. या कातळाला फुकटची झोप आहे. आईच्या देवाची झोप मात्र तिसऱ्याच ऋतूत. तो पावसात झोपतो. आपली शिकारी झाडं बरोबर त्याच चार महिन्यांत जागी असतात. देवाची पाठ वळली की यांची शिकार सुरू. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "चोरटीच म्हणायची."

हरिश्चंद्रगडाच्या त्या डोंगरातून मुळा नदी निघते. तेच पाणी कोतूळवरून खाली येतं, राहुरीजवळ बारागाव नांदूरच्या धरणात अडतं, २६ टीएमसी, आणि उजव्या कालव्यानं आमच्या उसापर्यंत पोचतं. म्हणजे दवबिंदूच्या मुळाशी जे पाणी अगदी निर्मळ, उपाशी असतं, तेच शंभरेक किलोमीटर प्रवास करून, काळ्या मातीत मुरून, पन्नास वर्षांच्या युरियातून गाळून माझ्या बोअरमध्ये येतं, आणि माझ्या झाडाला मारतं. मीटरवर हजार आकडा बघितला की मला आता नुसता क्षार दिसत नाही. त्या आकड्यात आम्ही सगळे आहोत. मी केमिस्ट होतो, माझाही त्यात वाटा आहे. आमच्याकडे बांधाला पांढरं फुटलेली चोपण रानं आहेत, जिथे आता ऊसही धड येत नाही. त्या रानांना कुणी ताण दिला नाही. वर्षाला ऊस, मग खोडवा, मग पुन्हा ऊस. कालव्याला पाणी आहे म्हटल्यावर व्हॉल्व बंद करायचा कुणी?

असो. हे बोलायला मी कोण, माझा पगार त्याच उसातून आला.

यंदा संक्रांतीच्या आदल्या दिवशी पंधरवड्याची तपासणी होती. तीळ भाजल्याचा वास घरभर. फ्रिजचा खालचा खण उघडला तर डबा नाही. भाजीच्या पिशव्या उपसल्या, नाही. पोटात गोळा आला. दोन दिवसांपूर्वी शेताच्या फीडरबरोबर गावचीही लाईट पाच तास गेली होती, तेव्हा कुणी फ्रिज साफ करायला काढला असणार, आणि डब्यात कुजकं शेवाळं दिसल्यावर उकिरड्यावर. दुसरं काय होणार?

"आई, डबा?"

"मधल्या खणात. लोण्याच्या मागं." ती गुळाचा पाक बघत होती, वळली नाही. "खाली मागच्या भिंतीला बर्फ धरतो. दहा दिस झाले मी वर ठेवलाय. कांद्याला असा बर्फ लागला तर पाणी सुटतं त्याला."

दहा दिवस. म्हणजे ती पिशवी उघडून बघत होती. मी डबा काढला, पिशवी दिव्याखाली धरली. एका कडेला शेवाळ्यावर करडी बुरशी, मोहरीएवढी. ती चिमट्यानं काढली. गड्डा नखानं हलकेच दाबला. घट्ट. पांढरा. मधोमध हिरवट असं काहीतरी, कोंब म्हणावा की न म्हणावा. आत्ताच यायला नको होता, अजून महिना जायचाय. चष्मा वर करून मी ते डोळ्याजवळ नेलं.

"दार लाव आधी," आई म्हणाली.